पावडर जावयाची, आळ वांग्यावर

लग्नाला वीस वर्षं होत आली तरी सासऱ्यांसमोर मी कधी ढेकर दिला नव्हता. त्यांनीही माझ्यासमोर दिला नव्हता. आमच्या भागात सासरा आणि जावई हे नातंच असं आहे, की समोरच्याला पोट आहे हे माहीत असल्याचं दोघांनीही दाखवायचं नसतं. मी वडनेरला गेलो की मामाजी, म्हणजे माझे सासरे, बाजेवरून उठतात, खांद्यावरचा दुपट्टा नीट करतात, बाज मला देतात आणि स्वतः खुर्चीच्या कडेवर टेकतात. मग आम्ही बोलतो. हिंगणघाटच्या बाजारात कोबीला काय भाव लागला, हायवेवर ट्रक किती वाढले, यंदा थंडी कशी आहे. अर्ध्या तासात विषय संपतात. मग दोघंही अंगणातल्या कोंबडीकडे पाहत बसतो. कोंबडीलाही आता त्याची सवय झाली आहे.

या नात्याचा दुसरा नियम म्हणजे जावयाने आणलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी मामाजींसाठी एक स्वेटर नेला होता. राखाडी रंगाचा, समोर बटणं असलेला. मामाजी रुंद हाडाचे, उभा जन्म भाजीच्या मळ्यात फावडं चालवलेले. स्वेटर त्यांना इतका घट्ट झाला की बटणं लावल्यावर हात अंगाला टेकेनात, थोडे बाजूलाच राहिले. "लय चांगला हाये," ते म्हणाले. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी गेलो की तो स्वेटर त्यांच्या अंगात असतोच. पुढे मी डास मारायची रॅकेट नेली, ती त्यांनी देवांच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगली. एकदा चामड्याचा कंबरपट्टा नेला, धोतर नेसणाऱ्या माणसाला. "लय चांगला हाये." त्यामुळे भेटवस्तू निवडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

तर या मामाजींना गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि बायकोला बाजूला घेतलं. छाती साफ झाली, पण अंगातली ताकद गेली आहे, ते म्हणाले. या वयात माणूस बाजेवर पडून राहिला की छाती पुन्हा भरायला वेळ लागत नाही. त्यांना चालतं करा. चालायला अंगात मांस लागतं, त्यासाठी खाण्यात प्रोटीन वाढवा. जेवणातून जमत नसेल तर पावडर देता येईल, पण जाताना आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमना भेटून जा.

मॅडमच्या खोलीसमोरच्या बाकावर बरीच माणसं बसली होती. मी बायकोला म्हटलं, यात विचारायचं काय, डब्यावर सगळं लिहिलेलं असतं. मी सरकारी कचेरीत कारकून आहे, लिहिलेलं वाचणं हाच माझा धंदा, हेही तिला ऐकवलं. स्वेटर आणि कंबरपट्टा या दोन्हींची ती साक्षीदार होती. पण बाप दवाखान्यातून परत घरी निघाला होता आणि त्या आनंदात तिने मला सोडून दिलं.

वर्ध्यात अशा पावडरींचं एक दुकान आहे. भिंतभर डबे आणि जवळजवळ प्रत्येक डब्यावर एक उघडा माणूस. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए चाहिए?" मी पोट आत ओढून म्हटलं, "घर के लिए." त्याने माझे दंड पाहिले, पोट पाहिलं आणि त्याला काय समजायचं ते समजलं. "वजन बढाना है ना?" वजन वाढवायचं होतंच, फक्त माझं नव्हतं. मी मान हलवली. त्याने सगळ्यात वरच्या फळीवरून बादलीएवढा डबा काढला. चव चॉकलेटची. डब्यावरच्या माणसाचे दंड मामाजींच्या आजारापूर्वीच्या मांड्यांएवढे होते. मला तो शुभशकुन वाटला.

डबा मांडीवर घेऊन मी एसटीने वडनेरला पोचलो. मामाजी बाजेवर पडून होते. अंगात तो स्वेटर होता आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना सैल होत होता. बटणं लावूनही आत वीतभर जागा होती. मला पाहताच ते उठायला लागले. मी धावत जाऊन त्यांना बसवलं, तरी ते सरकत सरकत बाजेच्या कडेला गेले आणि मला जागा करून दिली.

सासूबाईंनी डबा प्रसादासारखा दोन्ही हातांत घेतला. मी डब्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. एक सपाट चमचा पावडर, पेलाभर पाण्यात.

"पाण्यात?" सासूबाई म्हणाल्या.

"पाण्यात. असंच लिहिलं आहे."

"दारात म्हैस बांधली हाये, अन जवायानं आणलेली चीज पाण्यात कालवू? लोकं काय म्हणतीन?"

लोकांना कळणार कसं, हे मी विचारलं नाही. त्या घरात चहासुद्धा निव्वळ दुधाचा होतो. मी जावई, मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर दुधातच जास्त ताकद असेल असं मलाही वाटलं.

चमच्याचंही तसंच झालं. डब्यात मापाचा एक प्लास्टिकचा चमचा होता, चांगला वाटीएवढा. सपाट भरायचा म्हणजे वरची रास बोटाने सारून परत डब्यात टाकायची. जावयाच्या डोळ्यांदेखत अशी कंजुषी सासूबाईंच्या हातून होणं शक्यच नव्हतं. त्यांनी रास तशीच ठेवली, वर शकुनाचा अजून अर्धा चमचा घातला. मग साखर, मग कुस्करलेलं केळं, मग सायीसकट म्हशीचं दूध. रवीने घुसळून फेस काढला आणि त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन पेले होते, पाहुण्यांसाठी ठेवलेले, उंच, पितळी.

"मला कशाला?" मी म्हटलं. "मी तर बरा आहे."

मामाजी हळूच म्हणाले, "जवाईबुवा, तुमी कोरडे बसले अन मी एकटा पेऊन राह्यलो, असं कसं होईन? तुमी घ्या, मंग मी घेतो."

म्हणजे मी प्यायल्याशिवाय ते पिणार नव्हते, आणि ते प्यायल्याशिवाय त्यांच्या अंगात ताकद येणार नव्हती. त्यांची तब्येत आता माझ्या घशातून जाणार होती. मी पेला उचलला. चव वाईट नव्हती, गोड आणि दाट होती, तळाशी गुठळ्या होत्या. हळूहळू पिण्याचं धैर्य नव्हतं म्हणून एका दमात संपवला. मला पाहून मामाजींनीही एका दमात संपवला आणि मिशीवरचा फेस दुपट्ट्याने पुसला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"लय चांगलं हाये," ते म्हणाले.

तेव्हाच मला स्वेटर आठवायला हवा होता.

परतीच्या बसमध्ये हिंगणघाट येईपर्यंत माझ्या पोटात हालचाल सुरू झाली. आधी बेंबीच्या डावीकडे काहीतरी सरकलं, मग उजवीकडून त्याला उत्तर आलं. पॅन्टचं बटण मी स्वतः सोडलं, नाहीतर ते आपण होऊन गेलं असतं. शेजारच्या बाईंनी दोनदा खिडकीतून मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं. एसटीचं एक बरं असतं, तिच्या खडखडाटात माणसाचं बरंच काही खपून जातं. वर्ध्याच्या स्टँडवर उतरल्यावर ऑटोत इतरांसोबत दाटीवाटीने बसायची माझी हिंमत झाली नाही. मी घरापर्यंत चालत गेलो. बायकोला वाटलं, सासऱ्यांचं पाहून नवरा व्यायामाला लागला.

पुढे दर सुट्टीच्या दिवशी हेच. मी वडनेरला जायचो, दोन पेले यायचे, आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत ते रिकामे करायचो. मी नसायचो तेव्हा सासूबाई त्यांना सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी एक आणि सांजच्याला एक असा पेला न चुकता द्यायच्या. मी फोनवर विचारायचो, पावडर घेता ना? "घेतो ना. लय चांगली हाये," मामाजी म्हणायचे. मग ते विचारायचे, तुमाले कशी वाटते? मीही म्हणायचो, उत्तम.

उत्तम कसली? पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. कचेरीत मी फाइल घेऊन सारखा कॉरिडॉरमध्ये फिरायला लागलो. साहेबांना वाटलं कामाला लागला. घरी ओवा चावून पाहिला, हिंगाचं पाणी पाहिलं, डाव्या कुशीवर झोपून पाहिलं. बायकोने शेवटी विचारलंच, काय होऊन राह्यलं तुमाले? पावडरीचं नाव घेणं शक्य नव्हतं, कारण पावडर मी निवडली होती. सासुरवाडीहून दर खेपेला पिशवीभर वांगी येत. ओट्यावर तीच दिसली.

"वांगी बाधताहेत," मी म्हणालो.

बायकोने पोळी तव्यावर तशीच सोडली. "माह्या बापाच्या वांग्याले नावं ठेवता?"

त्यानंतर तिने जे ऐकवलं त्याचा गोषवारा असा, की त्या वांग्यांवर ती बीए झाली, त्या वांग्यांवर आमचं लग्न झालं, आणि मुलगी पाहायला आलो तेव्हा मी भरल्या वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली होती, तेव्हा काही बाधलं नव्हतं. सगळं खरं होतं. पोळी करपली. ती मलाच वाढली.

आणि मग सासूबाईंचा फोन आला. मामाजी जेवत नाहीत. अर्धी पोळी खातात आणि ताट सारतात. मधे हाताला धरून फाटकापर्यंत चालत होते, आता तेही बंद. पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. काय होतं विचारलं तर म्हणतात, वांगं सोसत नाही.

बायकोने फोन ठेवला आणि खाली बसली. "बाबा वांगं नाई म्हणून राह्यले," ती म्हणाली आणि रडायला लागली. दुसऱ्या कुठल्या घरात ही साधी तक्रार ठरली असती. पण ज्या माणसाने जन्मभर स्वतःच्या मळ्यातलं वांगं रोज कुठल्या ना कुठल्या रूपात खाल्लं, त्याने ते ताटातून बाजूला सारणं म्हणजे तिला सगळं संपल्यासारखंच वाटलं. मीही घाबरलो. डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जाईना, पडून राहिले तर छाती पुन्हा भरते. मामाजी हातचे जातात की काय, या भीतीने मला धड काही सुचेना.

आणि जे सुचलं ते असं, की ताकद कमी पडते आहे, तेव्हा अजून मोठा डबा न्यावा. मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्या फुगलेल्या पोटाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाला, "फरक दिख रहा है."

त्या रविवारी मी नवा डबा घेऊन वडनेरला गेलो. सासूबाईंनी दोन पेले आणून ठेवले आणि त्या म्हशीला चारा टाकायला गेल्या. आम्ही दोघंच राहिलो. मामाजींचे गाल बसले होते आणि स्वेटरखाली पोट तेवढं वर आलं होतं. पेल्यांतला फेस हळूहळू खाली बसत होता आणि कुणीच पेला उचलत नव्हतं.

"घ्या, मामाजी."

"तुमी घ्या."

"आधी तुम्ही."

"नाई, तुमी पाव्हणे."

शेवटी दोघांनी एकदमच उचलले. अर्धा पेला झाला असेल नसेल, मामाजी थांबले. एका कुशीवर किंचित कलले, ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम आला आणि नजर कोंबडीवर खिळवून ते तसेच श्वास रोखून बसले. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. गेले कित्येक दिवस मी ते रोज सकाळी आरशात पाहत होतो. यांनाही तेच होतंय, एवढं माझ्या लक्षात आलं, आणि पुढचा विचार करायच्या आत माझा ढेकर आला.

तो माझ्या परवानगीने आला नाही. सुरू झाला तेव्हा वाटलं आवरता येईल, मधे वाटलं संपला, पण ते फक्त वळण होतं. कोंबडी पंख फडफडवत कुंपणाकडे पळाली. गोठ्यातून म्हशीने मान वळवून पाहिलं. मग अंगणात इतकी शांतता झाली की मला माझं लग्न मोडल्यासारखं वाटलं. मी खाली पाहत बसलो.

जरा वेळाने बाज हलायला लागली. मामाजींचे खांदे हलत होते. मला वाटलं खोकल्याची उबळ आली, छाती भरली. मी घाबरून त्यांना धरायला उठलो. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि हसता हसता त्यांच्याकडूनही मला उत्तर आलं. ते मात्र ढेकराच्या विरुद्ध दिशेने.

"तुमालेबी?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"अन मले वाटलं, मीच मरून राह्यलो."

ते अजून हसत होते. मीही हसायला लागलो होतो, पण हे ऐकून माझं हसू थांबलं. त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "पोट रातभर टम्म राहे. मी म्हटलं, हे छातीचं नाई, हे पोटातलं काई दुसरंच हाये. डॉक्टरलेबी कळलं नसन. पोरीले कसं सांगू, आताच तर दवाखान्यातून आणलं होतं तिनं मले."

"पावडरीने होतंय असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण जवायानं आणलेली चीज. तिले कसं नाव ठेवू? वांग्याचं नाव सांगतलं."

"मीही घरी वांग्याचंच सांगितलं."

मामाजी एकदम गंभीर झाले. "काऊन? वांग्यानं तुमचं काय केलं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना वर्ध्याला घेऊन आलो. या वेळी आहारतज्ज्ञ मॅडमच्या बाकावर दोन तास बसलो. मॅडमनी डबा हातात घेतला, पुढचा पैलवान पाहिला, मग डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. "हा कुणी निवडला?"

"जवाईबुवानं," मामाजी अभिमानाने म्हणाले. "लय हुशार हाये."

मॅडमनी एकेक प्रश्न विचारला आणि मी एकेक उत्तर देत लहान होत गेलो. ही पावडर दिवसभर वजनं उचलणाऱ्या पोरांसाठी असते, हिच्यात प्रोटीनपेक्षा साखरच जास्त, असं त्या म्हणाल्या. शिवाय ती दुधापासूनच बनलेली, म्हणजे दुधातली साखर हिच्यात आधीच आहे. वय वाढलं की पुष्कळांना ती साखर पचत नाही, ती आतड्यात आंबते आणि तिचा गॅस होतो. काहींना पावडरीत घातलेले गोड पदार्थही सोसत नाहीत. अशी पावडर तुम्ही घेतली कशात, तर म्हशीच्या दुधात. घेतली किती, तर दीडदोन पट. त्यात वरून साखर आणि केळं. घुसळून फेस काढला, म्हणजे हवासुद्धा प्यायलात. तेही एका दमात आणि उपाशीपोटी. "इतक्या चुका एका पेल्यात ठरवूनही होणार नाहीत," त्या म्हणाल्या. मामाजींना यातलं काय कळलं माहीत नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहून कौतुकाने मान डोलावली.

आधी पोट शांत होईपर्यंत पावडर पूर्ण बंद, असं त्यांनी सांगितलं. मग दुधातली साखर काढून टाकलेली साधी पावडर घ्यायची, अर्धा चमचा, सपाट, आणि पाण्यात. काहीतरी खाल्ल्यावर घ्यायची, फेस बसू द्यायचा, घोट घोट करत सावकाश प्यायची. आठवडाभर पोटाने तक्रार केली नाही तरच माप थोडं वाढवायचं, दिवसभरात पाणी पुरेसं प्यायचं. आणि इतकं करूनही नाहीच सोसलं तर सोडून द्यायची, कारण ती काही संजीवनी नाही. घट्ट वरण, अंडं, दही, ताक, मूठभर शेंगदाणे, हे प्रत्येक जेवणात थोडं थोडं आलं तरी पुष्कळ काम होतं. "आणि पोट दुखलं, ताप आला किंवा वजन उतरायला लागलं," त्या शेवटी म्हणाल्या, "तर वांग्याला दोष देत घरी बसू नका. इकडे या."

मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी मला विचारलं, "पण तुम्ही का घेत होतात?"

मी तोंड उघडायच्या आत मामाजीच म्हणाले, "माह्यासाठी."

सासूबाईंना पाण्याचं पटवायला मात्र वेळ लागला. शेवटी त्यांनी एका अटीवर मान्य केलं, की जावई घरात असताना तो पाण्याचा पेला बाहेर येणार नाही. मी गेलो की मला निव्वळ दुधाचा चहा मिळायचा आणि मामाजी आत स्वयंपाकघरात जेवणानंतर चोरून दारू प्यावी तशी पावडर प्यायचे. चमचा सपाट करायला सासूबाईंनी सुरीची पाठ वापरायला सुरुवात केली. ते करताना त्या दुसरीकडे पाहतात असं बायकोने मला सांगितलं. अंडं रोज एक ठरलं. वरणात चमचा उभा राहील इतकं ते घट्ट झालं.

पोट आठवडाभरात खाली बसलं. भूक परतली. मामाजी आधी फाटकापर्यंत गेले, मग कडुलिंबापर्यंत, मग एक दिवस बायकोला फोन आला की ते मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसले आहेत आणि मजुरांवर ओरडत आहेत. आणि मग तो फोन आला. आज बाबांनी भरलं वांगं खाल्लं, दोनदा घेतलं. बायकोने त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी आमच्या घरी वांग्याचीच भाजी केली. मी दोन्ही दिवस जेवलो. मला काहीही झालं नाही, हे तिने मुद्दाम विचारून घेतलं.

होळी जवळ आली होती. ऊन चढायला लागलं होतं. मी वडनेरला निघालो तेव्हा सवयीप्रमाणे हातात एक वस्तू होती. उघडली की बसायची खुर्ची होणारी काठी. मळ्यात थकवा आला तर मामाजींना कुठेही बसता यावं, हा विचार. तोवर मला अक्कल यायला हवी होती, पण वीस वर्षांची सवय एका डब्याने जात नाही.

मामाजी अंगणात उभे होते, त्यांच्या बाभळीच्या काठीवर एक हात ठेवून. ते उठून उभे राहिले नाहीत, कारण उभेच होते. मी काठी उघडून दाखवली, मिटून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उघडली, मिटली, एकदा वजन पाहिलं. मी "लय चांगली हाये"ची वाट पाहत होतो.

"नाई, जवाईबुवा," ते म्हणाले. "हे तुमी वापस न्या. मले माही काठी पुरते."

मी काठी परत घेतली. मला वाटलं एवढ्यावर संपलं, पण त्यांनी हाताने थांबायची खूण केली, घरात गेले आणि राखाडी स्वेटर नीट घडी करून घेऊन आले.

"अन हाबी न्या. पह्यल्या दिवसापासून काखेत काचते. मधात दुखण्यात सैल झालता, तवा बरं वाटे. आता परत काचून राह्यला."

सासूबाई दारातून बाहेर आल्या. "अहो, जवायाले असं म्हणते का कोणी?"

"मंग कोणाले म्हणू?" मामाजी म्हणाले आणि बाजेवर बसले. मला जागा करून द्यायला सरकले नाहीत. मीच बाजूची खुर्ची ओढली आणि बसलो. त्या घरात मला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मी उन्हाचं निमित्त करून ते पुसले. आम्ही कोबीच्या भावाबद्दल बोललो. जेवणानंतर मामाजींनी मोठा ढेकर दिला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

परतीच्या बसमध्ये खुर्चीची काठी पायाशी होती आणि स्वेटर मांडीवर. इतक्या वर्षांत मी तो नीट पाहिलाच नव्हता. काखेत दोन्ही बाजूंनी सासूबाईंनी बारीक टाके घालून उसवलेली शिवण पुन्हा शिवलेली होती, एकदा नाही, बऱ्याचदा, वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी. बाहेर ऊन होतं, तरी मी तो अंगात घातला. शेजारचा माणूस पाहायला लागला. स्वेटर मला खांद्यांत अगदी बरोबर बसला. बसणारच, मापासाठी त्या वेळी दुकानात मीच तो घालून पाहिला होता.